चार टन, ४४ हजार आणि ऊसतोडीचा खोटा हिशेब

ऊसतोड मजुरांबद्दलचा एक मजकूर सध्या मोबाईलवरून फिरतोय. काल मामांनीही ‘वाचा, डोळे उघडतील’ म्हणून तो पाठवला. मामांचा स्वतःचा ऊस दरवर्षी याच माणसांच्या हातून तुटतो, म्हणून गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झालाय, नवरा-बायको रोज चार टन तोडतात, म्हणजे महिन्याला ४४ हजार सुटतात. वर लाखाची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, आधीच खिशात. यांना किमान वेतन लावलं तर शेतकरी मरेल आणि हार्वेस्टर, म्हणजे ऊसतोडीची यंत्रं, येतील.

दर खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि २७३ चे ३६६ झाले. खरं तेवढंच.

चार टन लिहिणाऱ्याने फड पाहिलेला नाही. ऊस जमिनीलगत तोडायचा, पाचट काढायचं, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फडाबाहेर यायचं, फळीवरून ट्रकवर चढायचं आणि रचायचं. एवढं सगळं झालं की मग टन भरतो. वीस किलोची मोळी धरा, चार टनांना दोनशे मोळ्या होतात. दिवसभर वाकून तोडल्यावर दोघांनी मिळून दोनशे वेळा फळी चढायची! लागणीचा उभा, भरलेला ऊस असेल आणि गाडी वेळेवर लागली, तर जोडपं दोन टन करतं, फार तर अडीच-तीन. ऊस आडवा पडलेला असला किंवा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, बारीक असला, तर दोनाचीही मारामार. गाडी रात्री दोनला आली तर भरायला रात्री दोनलाच उठावं लागतं. पाऊस झाला, ट्रॉली चिखलात रुतली किंवा कारखान्याच्या काट्यावर रांग लागली की दिवस रिकामा जातो, आणि रिकाम्या दिवसाचा पैसा नसतो. महिन्याचे तीसही दिवस धरून ४४ हजार काढणाऱ्याला हे कसं ठाऊक असणार?

आता खरा हिशेब करू. दोन टनांचे ७३२ रुपये होतात. पण मजुरी मोजतात ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायको दोघं. म्हणजे माणशी ३६६, आणि तेही बारा तासांचे. आठ तासांच्या पुढच्या चार तासांना कायद्याने दुप्पट दर धरला, तर सोळा तासांचा मोबदला होतो. त्या मापाने आठ तासांच्या दिवसाला पडतात १८३ रुपये. त्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेची रोजची मजुरी २९७ रुपये होती. आणि बाईचे ३६६ तरी बाईच्या हातात कुठे येतात? हिशेब कोयत्याचा, वहीत नाव नवऱ्याचं.

‘टनावरच्या कामाला किमान वेतन लागूच होत नाही’ असंही त्यात ठोकून दिलंय. १९४८ च्या किमान वेतन कायद्याचं कलम १७ वाचा. उक्त्या कामाला वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर वेळेप्रमाणे ठरलेलं किमान वेतन द्यावंच लागतं. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही हा नियम आहे. म्हणजे दर टनाचा असो की दिवसाचा, तळ तोच.

उचल ही कमाई नाही, कर्ज आहे. एक लाख फेडायला ३६६ च्या दराने २७३ टन तोडावे लागतात. रोज दोन टन धरले तर एकही खाडा न होता १३७ दिवस. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चमध्येच बहुतेक कारखान्यांची धुराडी थंडावली. दिवस पुरलेच नाहीत. त्यात घरखर्चाला घेतलेली आठवड्याची खर्ची टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत चढते ती वेगळीच. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या मानेवर. उचल घेऊन टोळ्या पळतात, मुकादम बुडतात, हेही घडतं, नाकारत नाही. पण पळणाऱ्यांमुळे फेडणाऱ्यांची मजुरी वाढत नाही.

हार्वेस्टरचं भय दाखवू नका. त्याला रुंद सरी आणि सलग मोठं रान लागतं. ओल्या, तुकड्या-तुकड्यांच्या रानात तो अडतो.

शेतकऱ्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. तोडणी-वाहतूक एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातूनच, कापली जाते, त्यामुळे वाढीचा भार ऊसवाल्यावर येतो. वर तोडीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागतात ती वेगळी. पण म्हणून मजुराचं पोट कापायचं? टन उसातून सव्वादहा टक्के उताऱ्याने १०२ किलो साखर निघते. तोडणीचा दर ३६६ च्या दुप्पट केला तरी किलोमागे साडेतीन रुपयांच्या आसपासच जास्तीचे पडतात. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये ठरला आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच अडकून राहिला. मामा, ओरडायचं तर त्या ३१ वर ओरडा.