टाकीतली बुळबुळ कशी जोपासावी

काल सोसायटीची टाकी ‘धुऊन’ झाली. झाकण उघडलं, दोन मुठी ब्लीचिंग पावडर भिरकावली, बांबूने ढवळलं, झालं. संध्याकाळी टाकीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोटाला पिवळट चिकटा. एवढ्या प्रेमाने जंतू सांभाळायचेच असतील तर जरा शास्त्रशुद्ध तरी सांभाळू या.

सगळ्यात आधी, पाणी हलू देऊ नका. कोऱ्या प्लास्टिकला पाणी लागलं की काही मिनिटांतच त्यावर सेंद्रिय द्रव्यांचा न दिसणारा लेप चढतो. जंतू त्यावर सुरुवातीला नुसते टेकतात, पाण्याला ओढ असेल तर सुटून वाहूनही जातात. पण आपल्याकडे पाणी चार दिवसांआड, त्यामुळे टाकी निवांत. मग ते अंगावरच्या बारीक तंतूंनी पक्की पकड घेतात आणि साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, मेलेल्या भावंडांचा डीएनए असं सगळं मिसळून स्वतःभोवती चिकट लगदा तयार करतात. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात ना, तसं. या लगद्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणून हाताला बुळबुळीत लागतो. गर्दी किती जमली हे अनेक जातींचे जंतू रसायनांच्या निरोपांवरून ओळखतात आणि कोरम भरला की एकदिलाने बांधकाम काढतात. आपल्या वार्षिक सभेचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

झाकण अर्धवट उघडं ठेवा, ऊन आत गेलं की शेवाळही जोडीला येतं.

तळाचा वॉशआउट, म्हणजे गाळ बाहेर काढायची तोटी, गंजून बसला असेल तर बसू द्या.

पाणी सुटलं की पहिली धार थेट टाकीत घ्या. चार दिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपात गळक्या जोडातून गटाराचं पाणी शिरलेलं असतं, आणि दाब एकदम आला की पाइपाच्या आतल्या भिंतीवरचा थरही खरवडून निघतो. उजनी धरणाचं पाणी इतक्या लांबून येतं, पहिल्या दोन बादल्या झाडांना घालणं म्हणजे केवढा अपमान!

आता ब्लीचिंग. थर तसाच ठेवून वरून पावडर टाका, ही तर युक्तीच. क्लोरीन लगद्याच्या वरच्या पदराशी झगडण्यातच खर्ची पडतो, खालचे जंतू शाबूत राहतात आणि दोन दिवसांत पुन्हा जोमाने वाढतात. आपल्याला मात्र वास आला की समाधान! पावडरही अशी, की गोण उघडीच ठेवलेली, वर्षभर दमट कोपऱ्यात. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, तो अशा गोणीतून केव्हाच उडून गेलेला असतो. वजन कोण करतंय? मूठ म्हणजे मूठ! वर मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटके देतं, म्हणजे उरलासुरला क्लोरीनही लवकर संपणार. त्यात घरच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरावा असा नियम, आणि उरतो किती हे तपासायला थेंबाची किट कुणी घेतलीय का? नाही. मग पोरांना जुलाब झाले की दोष पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला! अहो, महापालिकेचं पाणी बिघडलेलं असेलही, पण तुमच्या टाकीची भिंत तर तुमचीच आहे ना?

आणि परवा कुणीतरी सुचवलं, ब्लीचिंगमध्ये फरशीचं ॲसिड घालू, लख्ख निघेल. इथे चेष्टा बंद. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद टाकीत उतरलेला माणूस बाहेर येणार नाही. कळतंय का?

थर आधी घासूनच काढायचा, रसायन नंतर. पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी तळाला गेलेली असते, तोच दिवस धरा. आत उतरणार असाल तर वर एक माणूस उभा ठेवा. नायलॉनच्या ब्रशने भिंती, कोपरे, झाकणाची आतली बाजू आणि पाइपाचं तोंड घासा. तारेचा ब्रश नको, त्याचे ओरखडे जंतूंना आयती घरं होतात. गाळ वॉशआउटने काढा. मग 10 लिटरच्या बादलीत दोन चहाचे चमचे, म्हणजे 8 ग्रॅमच्या आसपास चांगली पावडर कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी हातमोजे घालून भिंतींना फडक्याने पुसा. अर्धा तास थांबा, धुऊन पाणी बाहेर सोडा. हजार लिटर पाणी वाया घालवावं लागत नाही, दोन-तीन बादल्यांत काम होतं.

टाकीवाल्याला पैसे देण्याआधी स्वतः वर चढा आणि भिंतीवर बोट फिरवा. बोट घसरलं तर पैसे देऊ नका.