मत देण्याआधी कराची पावती दाखवा

परवा एका काकांकडे समारंभ होता. खुर्चीत रेलून त्यांनी जाहीर केलं, "कर भरतात त्यांनाच मताचा अधिकार हवा. बाकीचे विकले जातात." पंधरा-वीस माना डोलल्या. माझीही, भिडेखातर, अर्धी डोलली. त्यांच्याकडे कामाला असलेल्या बाई मागेच रिकामे कप गोळा करत होत्या. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून हे मार्गदर्शन.

सुज्ञ मतदार व्हायचंय ना? आधी शब्द नीट वापरा. गरिबाला मिळते ती खिरापत, तुम्हाला मिळते ती सवलत. बाईंच्या खात्यात पैसे आले की मतं विकत घेतली. तुमच्या घरकर्जाच्या व्याजावर करात सूट मिळाली की ते दूरदृष्टीचं धोरण.

कामवाल्या बाईंना त्यांचं मत कधी विचारू नका. कोणाला द्यायचं ते सांगा.

जात बघून मत फक्त अडाणी देतात. तुम्ही 'आपला माणूस' बघता.

'करदात्यांनाच मत' ही कल्पना आजच सुचल्याच्या थाटात मांडा. प्रशिया या जर्मन राज्यात १८४९ ते १९१८ असंच काहीसं चाललं होतं, हे बोलू नका. भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्ग आणि तिन्ही वर्गांना सारखंच वजन; काही ठिकाणी तर पहिल्या वर्गात एकटाच गृहस्थ! मत द्यायचं तेही तोंडी, सगळ्यांदेखत. ब्रिटनमध्येही विद्यापीठाच्या पदवीधरांना आणि धंदेवाल्यांना जास्तीचं मत असे, ते १९४८ च्या कायद्याने गेलं. आणि कराचंच म्हणाल तर साधी काडेपेटी घेणाराही तो भरतो हो! फक्त त्याला पावती मिरवता येत नाही. ज्याची शाळा सरकारी, दवाखाना सरकारी, नळ सरकारी, त्याने सरकार काय देतं ते बघायचं नाही, तर काय शेअर बाजार बघायचा? सरकार बदललं की त्याचं जगणं हलतं. तुमचं काय हलतं? टीव्हीचा आवाज!

जाऊ दे, उपरोध बास झाला. काका, मतदानाला जोडून सुट्टी आली तेव्हा तुम्ही सहलीला गेला होतात. फोटो मी पाहिलेत. बाई पहाटे घरचं उरकून दोन तास रांगेत उभ्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी 'काल का नाही आलात' म्हणून तुम्हीच त्यांना झापलंत. लाज वाटू द्या जरा. आणि यादीत स्वतःचं नाव तरी आहे का, ते बघून या.