आग्नेय कोपऱ्यातली हडळ

सात दिवसांत संगणकावरचा एक अख्खा खेळ लिहून द्यायचा, हे आव्हान मी एका शनिवारी सकाळी, पोह्यांची दुसरी बशी हातात असताना स्वीकारले. पोटात पोहे असले की स्वतःच्या कर्तृत्वाविषयी माझे फार मोठे गैरसमज होतात. २००५ पासून दरवर्षी होणाऱ्या 'सेव्हन डे रोगलाइक चॅलेंज'ची अट एवढीच, की १६८ तासांत रोगलाइक जातीचा एक खेळ पुरा करावा. १६८ तासांतून कचेरीचे ४५, झोपेचे ४२ आणि प्रवासाचे १० वजा जाता ७१ उरतात, असा हिशेब मी मांडला. त्या हिशेबात आंघोळ आणि आई यांना जागा ठेवायची राहून गेली.

"कसला रोग?" हा आईचा पहिला प्रश्न. इंग्रजीत रोग म्हणजे लफंगा, त्या नावाचा एक खेळ १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला, त्यात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती, नायक म्हणजे '@' हे चिन्ह, जमीन म्हणजे टिंबे, आणि राक्षस म्हणजे इंग्रजी मोठ्या लिपीतली ए पासून झेडपर्यंतची सव्वीस अक्षरे, असे मी तिला सविस्तर समजावले. रोगलाइक म्हणजे त्याच धर्तीचा खेळ, नायक हिंडतो ते तळघर दर वेळी नव्याने रचले जाते आणि तो एकदा मेला की मेलाच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हेही सांगितले. तिने चष्मा सावरून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे ही जिलबी मरेपर्यंत हिंडणार." त्यानंतर आमच्या घरात नायकाला दुसरे नाव राहिले नाही.

राक्षस मात्र अस्सल मराठी असावेत, असा माझा आग्रह होता. खवीस, हडळ, झोटिंग, वेताळ, मुंजा, ब्रह्मराक्षस अशी घसघशीत परंपरा घरात असताना उसने ड्रॅगन कशाला आणायचे? 'ह' दिसला की हडळ, 'ख' दिसला की खवीस, इथपर्यंत सारे सुरळीत होते. मुंजासाठी 'मुं' लिहिले आणि पडद्याचा तोल गेला. टर्मिनल, म्हणजे संगणकाची नुसती अक्षरे दाखवणारी खिडकी, ही चौकटींची वही. एका घरात एक अक्षर, ही तिची शिस्त. आपल्या लिपीत उकार खाली लोंबतो, अनुस्वार डोक्यावर बसतो आणि 'क्ष' तर संगणकाच्या लेखी क, हलन्त आणि ष अशा तिघांचे एकत्र कुटुंब. मात्रेला घर द्यायचे की नाही यावर माझ्या दोन टर्मिनलांचे एकमत नव्हते, त्यामुळे मुंजा ज्या ओळीत उभा राही त्या ओळीतली पलीकडची भिंत एक घर सरकून बसे. अख्खा रविवार त्यात गेल्यावर मी मुंजाला सेवामुक्त केले. वेताळाची मात्रा काढून त्याला नुसत्या 'व'वर ठेवले. त्याने कुरकुर केली नाही.

पडद्यावर अक्षरे मांडण्यासाठी मी जे साधन वापरत होतो त्याचे नाव 'कर्सेस', म्हणजे शाप, आणि नावाच्या बाबतीत ते अत्यंत प्रामाणिक आहे. त्याला आधी ओळ सांगावी लागते आणि मग रकाना. मी शाळेत शिकल्याप्रमाणे आधी आडवे अंतर सांगत राहिलो आणि जिलबी उजवीकडे निघाली की खाली घसरत राहिली. ते निस्तरल्यावर निराळाच प्रकार सुरू झाला. दहा-बारा डावांतून एकदा, काही कारण नसताना, खेळ धाडकन कोसळे. दोन रात्री जागून उलगडा झाला तो असा, की ८० रकाने आणि २४ ओळींच्या पडद्यावर अगदी शेवटच्या घरात, म्हणजे उजवीकडे खालच्या कोपऱ्यात अक्षर लिहिले, की कर्सर पुढच्या घरात जायला निघतो, पुढे घरच नसते, आणि कर्सेस त्रुटी दाखवून हात वर करते. एखादी हडळ हिंडत हिंडत नेमकी तिथे जाऊन उभी राहिली की जग बुडत होते.

"खालचा उजवा म्हणजे आग्नेय," आई म्हणाली. "तिथे स्वयंपाकघर हवं. हडळ कशी चालेल?"

वास्तुशास्त्रावर माझा विश्वास नाही. तरीही मी तळघराची शेवटची ओळच पाडून टाकली आणि खेळ कोसळायचा थांबला. यावर वाद घालण्याइतके त्राण माझ्यात नव्हते.

गुरुवारी रात्री मला दिसले, की एक हडळ मेली की यादीत तिच्या पाठोपाठ असलेली हडळ एक खेळी गप्प उभी राहते. कारण लाजिरवाणे होते. राक्षसांच्या यादीवरून एकेकाला पाळी देत असतानाच मी मेलेल्यांना त्या यादीतून काढत होतो. रांगेतला एक जण निघून गेला की मागचा पुढे सरकतो, पण खिडकीवरचा माणूस तोवर पुढच्या क्रमांकाला हाक मारून मोकळा झालेला असतो, आणि सरकलेला बिचारा हुकतो. पायथन ही संगणकाची भाषा शिकवणारा प्रत्येक मास्तर याबद्दल पहिल्या महिन्यात बजावतो, आणि मला तर बारा वर्षे पगारच या कामाचा मिळतो. दुरुस्ती एका ओळीची होती. मी ती लिहायला बसलो तेव्हा आई मागे उभी होती.

"ती का थांबली?"

"चूक आहे. काढतोय."

"चूक कसली? तिची जाऊ मेली ना आत्ता. सुतक आहे तिला." मग जरा विचार करून, "पण एवढ्यात कसं फिटलं? दहा दिवस असतं."

मुदत संपायला चाळीस मिनिटे उरली असताना, शनिवारी सकाळी, मी ती चूक रीतसर दुरुस्त केली आणि तिच्या जागी सुतकाचा नियम लिहिला: दहा खेळ्या. तपासून पाहायला वेळ नव्हता. तसाच खेळ पाठवून दिला आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा आई माझ्या खुर्चीत होती. तिने पहिल्याच खोलीत एक हडळ मारली होती आणि बाकीच्या हडळी दहा खेळ्या सुतक पाळत असताना त्यांच्यामधून जिलबी शांतपणे चालवत ती पाचव्या मजल्यावर पोहोचली होती. शेवटच्या जिन्यापाशी वेताळ उभा होता. तो हडळींचा सोयरा लागत नसल्याने त्याला सुतक नव्हते.

"याला कोणी नाही का रे?" तिने विचारले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.