मणका ‘बसवला’ की साखर उतरते? एका फॉरवर्डचा समाचार

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. सोबत पाठीच्या कण्याचं रंगीत चित्र असतं. प्रत्येक मणक्यापासून एक बाण निघतो आणि एकेका अवयवावर जाऊन टेकतो. मजकूर थोडक्यात असा: मणका सरकला की नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दबते, नस दबली की त्या नसेवरचा अवयव आजारी पडतो. मधुमेह, बीपी, दमा, पाळीच्या तक्रारी, सगळ्यांचं मूळ कण्यात. कायरोप्रॅक्टर तो मणका ‘कट्ट’ करून जागेवर बसवतो. ही हजारो वर्षांची प्राचीन विद्या असून आता अमेरिकेनेही ती मान्य केली आहे. औषधच नाही, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

यातला एक तुकडा खरा आहे, म्हणून तर मेसेज चालतो. पाठदुखीत मॅनिप्युलेशनने, म्हणजे सांध्याला हाताने दिलेल्या झटक्याने, काही जणांना बरं वाटतं. बाकीचं एकेक करून बघू.

‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’

हाडं बसवणारे हाडवैद्य सगळीकडे होते, आपल्याकडेही होते. पण कायरोप्रॅक्टिक ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची जन्मतारीखसुद्धा सांगितली जाते: १८ सप्टेंबर १८९५. गाव डॅव्हनपोर्ट, राज्य आयोवा, देश अमेरिका. डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ आधी किराणा दुकान चालवायचा, नंतर ‘चुंबकीय उपचार’ करू लागला. त्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा सफाई कामगार होता, त्याला अनेक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामरच्या सांगण्यानुसार लिलार्डच्या पाठीत एक मणका वर आलेला हाताला लागला, त्याने तो दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं.

इथेच थांबायला हवं. ऐकण्याची नस आतल्या कानातून निघते आणि कवटीच्या आतल्या आतच मेंदूला मिळते. ती पाठीकडे फिरकतही नाही. म्हणजे ज्या पहिल्या केसवर सगळा डोलारा उभा राहिला, तिच्यातच नस आणि मणका यांची गाठ पडत नाही.

पामर मात्र थांबला नाही. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला. पुढे त्याने लिहून ठेवलं की ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले इतर सांध्यांमुळे. जंतूंना जागाच नाही! त्याचं तत्त्व असं: शरीरात एक उपजत बुद्धी असते, ‘इनेट इंटेलिजन्स’. ती नसांमधून वाहते आणि शरीर निरोगी राखते. मणका जरा हलला, ज्याला तो ‘सबलक्सेशन’ म्हणायचा, की तिचा प्रवाह अडतो. तो मोकळा करून देणं एवढंच उपचारकाचं काम. हे ज्ञान आपल्याला एका मृत डॉक्टरच्या आत्म्याकडून मिळालं, असंही त्याने सांगून ठेवलं आहे. त्यामुळे याचं मूळ शोधायला आपल्या पोथ्या उघडायची गरज नाही.

आजचे कितीतरी कायरोप्रॅक्टर हा आत्मा आणि ती बुद्धी बाजूला ठेवून फक्त पाठ, मान, सांधे यांच्या दुखण्यावर काम करतात, हे इथेच नोंदवतो. मेसेज लिहिणारा मात्र १८९५ मध्येच मुक्कामाला आहे.

‘मणका सरकतो आणि कट्ट करून बसतो’

कण्यात हलू शकणारे २४ मणके असतात: मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५. ते जाड अस्थिबंधांनी आणि स्नायूंनी आवळलेले असतात. खोकलं, वाकलं म्हणून त्यातला एखादा निसटत नाही. एक मणका दुसऱ्यावर पुढे सरकण्याचा खरा विकार आहे, त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. तो एक्स-रेवर स्पष्ट दिसतो आणि हाताने ढकलून मागे जात नाही.

मग आवाज कसला? क्लिनिकमध्ये नेमकं काय होतं ते बघा. तुम्हाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा वाकवून टेबलाच्या कडेबाहेर आणतात, खांदा मागे रेटतात, कंबर पुढे ओढतात. सांधा ताणाच्या टोकाला आला की एक छोटा, झटपट धक्का. मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांमधल्या वंगणद्रवावरचा दाब एकदम उतरतो, त्यात विरघळलेला वायू पोकळी करून बाहेर येतो आणि आवाज होतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं, तसलंच काहीतरी. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटं मोडत असतानाच एमआरआय काढला, तेव्हा ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष दिसली. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, कारण वायू परत विरघळायला वेळ लागतो. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे. शिवाय नेमका ठरवलेलाच मणका वाजतो, हेही खरं नाही. २००४ च्या एका अभ्यासात आवाज कुठून येतो हे मोजलं, तेव्हा कमरेत तो ठरलेल्या जागेपासून सरासरी ५ सेंटीमीटर लांबून येत होता.

‘नस दबते’ हेही येल विद्यापीठातल्या एडमंड क्रेलिन या शरीररचनातज्ज्ञाने १९७३ मध्ये तपासलं. त्याने मृतदेहांचे कणे यंत्रात पिळून, वाकवून पाहिले. कणा मोडायच्या बेताला येईपर्यंत मणक्याने नस दाबली नाही. दोन मणक्यांमधल्या गादीचा भाग बाहेर येऊन नस दबू शकते, सायटिका त्यातूनच होतो. पण तो आजार पायात कळ आणतो, साखर वाढवत नाही. आणि ज्याला आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, त्यात गादी सरकत नाही, फुगते किंवा फाटते. एमआरआयच्या रिपोर्टात ‘बल्ज’ वाचून हातपाय गाळणाऱ्यांसाठी: पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन एकत्र तपासले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत फुगलेली गादी सापडली आणि ऐंशीतल्या ८४ टक्के.

ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये सांगून टाकलं, की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि त्यामुळे आजार होतात असा दावा करण्याइतका पुरावा नाही. मेसेजच्या लेखकाने निदान आपल्याच पंथाच्या परिषदेचं ऐकायला हरकत नव्हती.

चित्रातले बाण

मज्जारज्जूला इजा झाली तर लघवी, शौच, रक्तदाब यांवरचा ताबा बिघडतो, हे खरं. ती गंभीर इजा असते. ‘मणका जरा वाकडा आहे’ याच्याशी तिचा संबंध नाही. हृदय, फुप्फुसं, जठर, स्वादुपिंड यांना जाणारी एक मोठी नस, व्हेगस, तर कवटीतून थेट खाली उतरते. मणक्यांच्या फटीतून ती जातच नाही.

याहून सोपा पुरावा प्रत्यारोपणात आहे. एकाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवताना सर्जन रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडत नाहीत. तरी हृदय धडधडतं. मूत्रपिंड नसांशिवाय लघवी तयार करतं. प्रत्यारोपित स्वादुपिंड नसांशिवाय इन्सुलिन सोडतं. नस पूर्ण कापूनही जे अवयव चालतात, ते मणका केसभर हलल्याने बंद पडत नाहीत.

‘पण आमच्या काकांना फरक पडला’

पडला असेल. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्यायची, ही रीत आपल्याला नवी नाही. वाड्यात, गल्लीत एखादा पायाळू असायचाच. कमरेत चमक भरलेला माणूस भिंत धरत त्याच्या दारात जायचा, पाठ करून उभा राहायचा, तो पायाने हलकेच ढकलायचा आणि दोन-चार दिवसांत माणूस ताठ चालायला लागायचा. जन्माला येताना पाय आधी बाहेर आले म्हणून पायाला गुण येत नाही. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआपच उतरते. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टोकाला पोचल्यावर, आणि तिथून ते उतरणीलाच लागायचं असतं. श्रेय मिळतं त्या दिवशी ज्याचा हात लागला त्याला, किंवा पाय.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे निव्वळ पायाळूची लाथ, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ च्या मोठ्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीवर मॅनिप्युलेशनचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारसप्राप्त उपचारांइतकाच दिसला. कमी नाही, जास्तही नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना ते सुचवतात, पण व्यायामाच्या जोडीनेच. दमा किंवा तान्ह्या बाळांची पोटदुखी यांवर असा भरवशाचा पुरावा नाही.

‘अमेरिकेने मान्य केली’

तिथे परवाना मिळतो, विमाही काही प्रमाणात पैसे देतो. १९८७ चा न्यायालयीन निकालही अनेकदा पुढे केला जातो. त्यात डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार मुक्त स्पर्धेच्या कायद्याचा भंग करतो, एवढंच ठरलं. उपचाराचं शास्त्र बरोबर आहे की चूक, हे न्यायालयाने ठरवलं नाही. भारतात तर कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषदच नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टना राज्य परिषदेची नोंदणी असते. पाठीला हात लावू देण्याआधी ती विचारायला लाजू नका.

‘साइड इफेक्ट शून्य’

एक-दोन दिवस अंग दुखणं तर नेहमीचंच. काळजी मानेची. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मान झटक्यात पिळली की ताण येतो तो या वळशावर. धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर पक्षाघात. हे दुर्मीळ आहे. धमनी आधीच फाटलेली असल्यामुळे मान दुखते आणि त्यासाठीच माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो, असंही काही वेळा घडतं. त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे ठरवणं अवघड असतं. पण असं दुखणं घेऊन आलेल्याची मान तर मुळीच पिळू नये. केस कापून झाल्यावर सलूनवाला हनुवटी धरून मान दोन्हीकडे मोडून देतो, त्यालाही हेच लागू. चंपी करून घ्या, मानेला ‘नको’ म्हणा.

मान पिळल्यानंतर, किंवा न पिळताही, पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र मानदुखी, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं किंवा तोल जाणं सुरू झालं, तर सरळ मोठं रुग्णालय गाठायचं. कंबरदुखीत दोन्ही पायांतली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागेची संवेदना गेली, तर तेही त्याच दिवशी. मणका बसवणाऱ्याची अपॉइंटमेंट तेव्हा रद्द करायची.