मॉरेटेनियाही भंगारातच गेली

घरच्या ग्रुपवर तो फोटो पुन्हा आला: मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या दारूखान्याच्या चिखलात अर्धी कापलेली विक्रांत, आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. खाली मामांचं नेहमीचं वाक्य, "परदेशात असं झालं नसतं." मामा माझगाव डॉकमध्ये तीस वर्षं फिटर होते, त्यांचा जीव तुटतो हे मला कळतं. पण मी त्याच परदेशात राहतो. विक्रांत १९४५ मध्ये ज्या टाइन नदीत उतरली, तिच्याच काठी, इंग्लंडमधल्या वॉल्सेंडला.

इथे १९०६ मध्ये स्वान हंटरच्या जहाजबांधणी यार्डात मॉरेटेनिया ही प्रवासी बोट पाण्यात उतरली. लांबी २४० मीटर, बोट ढकलणारे चार पंखे, आणि पिस्टनच्या इंजिनांऐवजी चार्ल्स पार्सन्सची टर्बाइनं. पिस्टनचा हिसका नाही. वाफ पात्यांवर आदळते आणि दांडा सरळ गरगरतो. तरी सुरुवातीला मागचा भाग इतका थरथरायचा की पंखे बदलावे लागले. १९२ भट्ट्या, दिवसाला सुमारे हजार टन कोळसा, सगळा फावड्यानं. अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम १९०९ ते १९२९ तिच्याकडेच राहिला. ब्रेमेन या जर्मन बोटीनं तो घेतला, तेव्हा बावीस वर्षांच्या या म्हातारीनं आपली आजवरची सगळ्यात वेगवान फेरी केली. विक्रम परत मिळाला नाही, पण काय धावली असेल!

आणि १९३५ मध्ये? सामानाचा लिलाव, मग रोसाइथला तोडकाम. तिच्या लाकडी पॅनेलांनी ब्रिस्टलचा एक बार सजला, विक्रांतचं पोलाद बजाजच्या मोटरसायकलींत गेलं. सेगेडूनम या इथल्या रोमन किल्ल्याच्या म्युझियमच्या मनोऱ्यावरून आता यार्डाच्या क्रेनही दिसत नाहीत. त्या २००७ मध्ये भारतातल्याच भारती शिपयार्डनं विकत घेतल्या. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं.

मामांचं उत्तर दोन शब्दांचं होतं. "आणि टर्बिनिया?"

पार्सन्सची ती पहिली टर्बाइन बोट, १८९४ ची, न्यूकासलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये आहे. मामा इथे आले होते तेव्हा मीच दाखवायला नेलं होतं. बत्तीस मीटरची, सुरीसारखी निमुळती. मामा चष्मा कपाळावर सरकवून रिव्हेटची रांग निरखत राहिले, हात मात्र पाठीशी बांधलेले. ती इथल्या लोकांनी जपली, हे खरं आहे. मी सोयीनं गाळलं होतं.

आणखी एक गाळलं होतं. विक्रांत मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा मी लालबागला राहत होतो. नौदल सप्ताहात मामा दर वर्षी म्हणायचे, "चल रे, दाखवतो." मला कधी सवड झाली नाही. मॉरेटेनियाच्या भट्ट्यांचा आकडा मला पाठ आहे, विक्रांतच्या शिडीवर माझा पाय लागलेला नाही. इथे मी "आमचं यार्ड" म्हणतो आणि शेजारचे म्हातारे मान डोलावतात. पण तिथे त्यांचे आजोबा रिव्हेट ठोकत होते. माझा माणूस माझगावला होता.

रविवारी मामांना फोन केला. विक्रांतच्या इंजिनरूममध्ये काय काय होतं, विचारलं. पाऊण तास बोलत होते.