हौद्यातली वाळू आणि १२०० चा टॉर्क

"अमेरिकन डिझेल पिकअपला १२०० चा टॉर्क असतो, स्पोर्ट्स कारला ३००-४०० चा. हॉर्सपॉवर कागदावर, टॉर्क रस्त्यावर. वजन जास्त म्हणून पकड जास्त. मागची चाकं जागेवर फिरत असतील तर हौद्यात दोन क्विंटल वाळू टाका. फोर बाय फोर असेल तर पकडीचा प्रश्नच मिटला. आणि धूर जितका काळा, तितकी पॉवर जास्त." काळा धूर ओकत निघालेल्या एका पिकअपच्या व्हिडिओखाली हा मजकूर सध्या फिरतोय. कॉलेजच्या ग्रुपवर तो मला तीनदा आला, तिसऱ्यांदा तर "तू तिथेच असतोस ना?" या टोमण्यासकट.

हो, इथेच असतो. इंडियाना राज्यातलं कोलंबस, म्हणजे कमिन्स या डिझेल इंजिन कंपनीचं मूळ गाव. पुणेकरांना हे नाव नवं नाही. उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री जवळच्या ड्रॅग स्ट्रिपवर (क्वार्टर माइलच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर) कठड्याला टेकून उभं राहायचं, हे माझं व्यसन.

आधी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर. १२०० फूट-पाउंडचा आकडा खोटा नाही. फोर्ड सुपर ड्यूटी पिकअपच्या ६.७ लिटर हाय आउटपुट इंजिनाचा तो आहे, पण १६०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे). त्या क्षणी पॉवर किती? टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२, म्हणजे जेमतेम ३६६ हॉर्सपॉवर. हेच इंजिन २६०० आरपीएमवर ५०० हॉर्सपॉवर देतं आणि तिथे टॉर्क घसरून १०१० वर आलेला असतो. आता गाडीचा वेग तोच धरा आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन २६०० वर फिरवा. इंजिनचा टॉर्क कमी, तरी चाकांवर पोचणारा जोर सुमारे ३७ टक्के जास्त. गिअरबॉक्स टॉर्क हवा तेवढा वाढवून देतो, बदल्यात वेग कापून घेतो. पॉवर मात्र एका दमडीनेही वाढवून देत नाही. म्हणून "हॉर्सपॉवर कागदावर, टॉर्क रस्त्यावर" हे वाक्य नेमकं उलटं आहे. टॉर्कचा मोठा आकडा जाहिरातीत छान दिसतो आणि घाटात ट्रेलर ओढताना खरोखर उपयोगी पडतो. ४०२ मीटरच्या शर्यतीत घड्याळ पॉवर मोजतं.

ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: वजन पाउंडात घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ ने गुणा. क्वार्टर माइलचे सेकंद मिळतात. ७००० पाउंडांचा, म्हणजे सव्वातीन टनांच्या आतबाहेरचा ट्रक आणि ५०० हॉर्सपॉवर: १४ सेकंद. ३३०० पाउंडांची कार आणि ३०० हॉर्सपॉवर: १३ च्याही किंचित आत. कारचा टॉर्क ट्रकच्या पाव असला तरी ती एक सेकंद पुढे.

इथे एक गोष्ट ट्रकवाल्यांच्या बाजूने सांगायला हवी. "ट्रकमधून वजन काढत बसण्यापेक्षा पॉवर वाढव" असं ते म्हणतात, त्यात तथ्य आहे. त्याच सूत्राने ५०० चे ६०० हॉर्सपॉवर केले तर जो फायदा होतो, तोच वजनातून मिळवायला सुमारे ५३० किलो काढावे लागतील. हौदा उचलून ठेवलात तरी भागणार नाही.

आता वाळू. हा मुद्दा मी आधी हसून सोडणार होतो, पण गणित मांडलं तेव्हा हसू आवरावं लागलं. पिकअपचं जड डिझेल इंजिन पुढे आणि हौदा रिकामा, त्यामुळे मागच्या चाकांवर वजनाचा ४० टक्क्यांच्या आसपासच वाटा. निघताना नाक उचलतं आणि वजन मागे सरकतं खरं, पण दोन एक्सलमध्ये चार मीटर अंतर असलेल्या गाडीत ते फार सरकत नाही. मागच्या एक्सलवर २०० किलो टाकले की तो वाटा ४३ टक्क्यांवर जातो. हवेचा विरोध सोडून, चांगल्या चिकट ट्रॅकवर आणि चाकांपर्यंत चारशेच्या वर हॉर्सपॉवर पोचते असं धरून हिशेब केला. फक्त मागची चाकं ओढत असतील तर वाळूने सुरुवातीला मिळालेलं पुढे वजनापायी जवळजवळ सगळं परत जातं. हातात उरतो दशांश सेकंदापेक्षाही कमी फायदा. पॉवर दुप्पट असेल तर तो वाढतो, हेही कबूल. पण त्याच ट्रकमध्ये चारही चाकं लावली की सव्वा सेकंदाहून जास्त वाचतो! आणि एकदा फोर बाय फोर लावल्यावर तीच वाळू उलट दोन दशांश खाते, कारण सगळं वजन आधीच ओढणाऱ्या चाकांवर आहे. पकड वाढते त्याच प्रमाणात ओझंही वाढतं. (टायर जास्त दाबला की दर किलोमागे पकड थोडी कमीच होते, ते मी धरलेलंही नाही.)

शिवाय एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत सुटं वजन चालतच नाही. वाळूची पोती, पाणी, दगड, काही नाही. वजन लागलंच तर ते गाडीच्या सांगाड्याला पक्कं जोडायचं. ताशी दीडशेच्या वेगात पोतं हौद्यातून सुटलं तर काय होईल, याचा विचार व्हिडिओवाल्याने केलेला दिसत नाही.

मग "फोर बाय फोर म्हणजे प्रश्न मिटला"? ५०० हॉर्सपॉवरच्या ट्रकला बऱ्यापैकी हो. पहिले पाच-सात मीटर गेले की चाकं घसरवण्याइतका जोरच उरत नाही. पण पॉवर तिप्पट करा, की तोच प्रश्न ४५ मीटरपर्यंत, ताशी शंभरच्या पुढेपर्यंत तुमच्यासोबत येतो. आणि पकड मिळाली की मोडतोड सुरू होते. जुन्या ड्युरामॅक्स (जनरल मोटर्सचं डिझेल इंजिन) गाड्यांच्या पुढच्या टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, याच कारणाने वाकतात. चाकं आत खेचली जातात आणि ट्रक बदकासारखा उभा राहतो. मागचे स्प्रिंगचे पाटे पिळवटू नयेत म्हणून एक्सलपासून चासीपर्यंत जाड ट्रॅक्शन बार लावतात. सुटण्याआधी ब्रेक दाबून धरून टर्बोत (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यात) बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, भरावा लागतो. तो न भरता हिरवा दिवा लागला तर चारही चाकांची पकड असूनही ट्रक जांभई देत निघतो.

धुराचं थोडक्यात. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल: हवा कमी, इंधन जास्त. टर्बो जागा होईपर्यंत थोडा निघणारच. मुद्दाम धूर काढण्यासाठी रस्त्यावरच्या गाडीची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढणं इथे बेकायदा आहे, तरीही इपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने) २०२० मध्ये अशा साडेपाच लाखांहून जास्त पिकअपचा अंदाज मांडला होता.

गेल्या शुक्रवारी सगळ्यात कमी वेळ काढणारा पिकअप निघताना एकदा फुस्स करून काळवंडला आणि नंतर शेवटच्या दिव्यापर्यंत स्वच्छ धावला. परत येताना तो माझ्यासमोरून गेला. हौदा रिकामा होता, मागचा फाळकासुद्धा काढून ठेवलेला.