निदान आवृत्ती तरी लिहा ना भो!

प्रोजेक्टच्या रीडमीत, म्हणजे तो कसा चालवायचा ते सांगणाऱ्या फाइलीत काय, तर कोड क्लोन करा (उतरवून घ्या), मग एनपीएम इन्स्टॉल, एनपीएम स्टार्ट या दोन कमांड. झालं! हा कोड ज्याच्यावर चालतो, त्या नोडची आवृत्ती कोणती? पत्ताच नाही. वेबपॅक ४ (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) वापरणारा जुना प्रोजेक्ट नोड १७ पासून पुढे त्यातल्या ओपनएसएसएल ३ या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमुळे अडतो, हे चोपड्याच्या डिप्लोमावाल्या पोराला कोण सांगणार? हॉटस्पॉटवर दिवसभराचा डेटा संपवून त्याने पॅकेजेस उतरवलेली असतात, आणि शेवटी त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. याचा फार राग येतो. एन्व्ह फाइल, म्हणजे पासवर्ड-सेटिंग्जची फाइल, कोडसोबत गिटमध्ये टाकायची नाही, बरोबरच आहे. मग नमुन्याची तरी ठेवा! आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘माझ्याकडे तर चालतं.’ अरे, नोडची आवृत्ती नोंदवायच्या एनव्हीएमआरसी फाइलीत एक आकडा लिहायला किती वेळ लागतो?